माझ्या मापाची गाडी

७ फेब्रुवारी १९८३, सोमवार

खाट कापली!

सकाळचे डबे हिंदमात्याला पोचवून घरी आले तर खोलीत जागाच जागा. लग्नातली लोखंडी खाट गायब, गादी गुंडाळून कोपऱ्यात उभी केलेली. आणि हे खाली, चाळीमागच्या गल्लीत, हेरंबच्या गॅरेजसमोर उकिडवे बसून माझ्या खाटेचे पाय करवतीने कापतायत. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत! समोरची रखमा गॅलरीतून विचारते, "काय गं सुभद्रा, खाट मोडली वाटतं?" आणि पदर तोंडाला लावून हसते. मेली!

खाली जाऊन विचारलं, हे काय चाललंय? मान वर न करता म्हणाले, "गाडी करतंय."

गाडी! संपाला वर्ष उलटून गेलं. मिल बंद, पगार बंद, आणि हे गाडी करतायत. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, दुसरं काय.

८ फेब्रुवारी

काल रागाच्या भरात लिहिलं. आज हेरंबकडून नीट समजून घेतलं. ह्यांच्या तोंडून शब्द काढण्यापेक्षा दगडातून पाणी काढावं.

हेरंबकडे एक फाटकं विलायती मासिक आहे. त्यात चित्र — जमिनीला टेकेल इतकी बुटकी गाडी. चार चाकं, टप नाही, दार नाही, मागे उघडं इंजिन, एका माणसापुरती जागा. गोरी पोरं हेल्मेट घालून ती चिखलातून, दगडांतून पळवतात. गो-कार्ट म्हणे. तिला रस्ता लागतच नाही! "वहिनी, दगडूभाऊंनी चित्र बघितलं आणि तिथेच खडू घेऊन लादीवर नकाशा काढला. खाटेच्या अँगलची चौकट, भंगारातल्या मोटरसायकलचं इंजिन, स्कूटरची चाकं. एकदम स्वस्तात!"

स्वस्तात! माझ्या बापाने दिलेली खाट कापली की सगळं स्वस्तच.

आणि कोणासाठी? शिवडीच्या हरेश्वर कोळ्यासाठी. ह्यांचा दोस्त. त्याच्या होडीचं मशीन ह्यांनी एकदा सुधारून दिलं होतं, म्हणून त्याने आवारात गंजत पडलेलं मोटरसायकलचं इंजिन दिलं. त्याची बायको शेवंता होडीपासून सडकेपर्यंत दगडगोट्यांतून मासळीच्या पाट्या डोक्यावर नेते. तिचा त्रास वाचावा म्हणून ही गाडी.

शेवंताचं डोकं ह्यांना दिसलं! मी काळाचौकीपासून हिंदमात्यापर्यंत डब्यांची पाटी डोक्यावर नेते. माझं डोकं काय म्युन्सिपाल्टीचं आहे?

९ फेब्रुवारी

जमिनीवर झोपून पाठ धरली. सांगितलं तर म्हणतात, "गावाक काय खाटेर निजा होतंस?"

१३ फेब्रुवारी, रविवार

आज डबे नाहीत, म्हणून हात मोकळा.

संपाआधी माझ्या खानावळीत मिलची सडी पोरं जेवायची. दोन पंगती उठायच्या. संप लांबला तशी पोरं एकेक करून गावाला गेली, मी रिकामी भांडी पुसत बसले. मग हिंदमात्याच्या साडीच्या दुकानातल्या एका बाईने माझ्या हातचं बांगड्याचं तिखलं खाल्लं. तिने शेजारच्या दुकानात सांगितलं. आता दुपार झाली की ते सगळे काउंटरवाले माझी वाट बघतात. उशीर झाला तर कुरकुरतात, मला ती कुरकुरसुद्धा आवडते.

ह्यांना नाही आवडत. बोलत नाहीत, पण मी डबे बांधायला घेतले की पायात चपला घालून बाहेर. जेवतानाही माझ्याकडे बघत नाहीत. पानात काय पडलंय तेही बघत नाहीत. अहो, लूम फिटर होतात तुम्ही, सगळ्या खात्यात तुमच्या हाताचं नाव होतं, मी काय ते पुसून टाकलं? मिल मी बंद केली?

काल गावाहून माणूस आला होता. सासूबाईंचा निरोप — "सुनेचं आता मुंबईत काय ठेवलंय? मूल ना बाळ, मिल ना पगार." मूल ना बाळ! आमच्या सासूबाईंना, जाईबाईंना, दर निरोपात ते एक शेपूट जोडावंच लागतं.

एकच भीती आहे मला. गावी पाठवतील. चाळीतल्या अर्ध्याअधिक बायका गेल्या — नवरे इथे संप मिटायची वाट बघतायत आणि बायका तिकडे गवत कापतायत. सड्यावरचं, वर उघड्या कातळावरचं आमचं घर, खाली खोल विहीर, दिवसभर हंडे घेऊन ती घाटी चढायची आणि सासूबाईंची बोलणी खायची. लग्नानंतरची पहिली वर्षं तेच केलं. परत नाही. इथे मला माझ्या नावाने हाक मारणारी माणसं आहेत.

१६ फेब्रुवारी

इंजिन सुरू झालं. सगळी चाळ धुराने खोकते आहे. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं!

२० फेब्रुवारी, रविवार

आज गंमतच. म्हणजे तेव्हा गंमत वाटली, आता नाही वाटत.

हे पाट घेऊन वर आले. "बस गो हयसर." बसले. "पाय फुडे सोड." सोडले. सुतळी घेऊन कमरेपासून टाचेपर्यंत माप, कमरेचं माप, हात पुढे करायला लावून खांद्यापासून मुठीचं माप. "हलां नको." किती दिवसांनी ह्यांनी मला हात लावला असेल! आणि लावला तो सुतळी धरून. मी हसले. विचारलं, "चोळी शिवताय की काय?" तर ह्यांच्या चेहऱ्यावर पण जरा हसू आलं.

मग म्हणाले, शेवंता तुझ्याएवढीच आहे, म्हणून तुझं माप.

झालं. हसू तिथेच जिरलं. मी शेवंताला कधी बघितलेलं नाही. पण माझ्या अंगाचं माप घेऊन दुसरीच्या बुडाखाली गाडी करणारा नवरा अख्ख्या लालबाग-परळात एकच असेल.

२२ फेब्रुवारी

माझा तेलाचा मोठा डबा गेला. पीठ ठेवायची मी त्यात. पत्रा कापून, वाकवून त्याची सीट केली. पीठ वर्तमानपत्रावर ओतून ठेवलंय. एवढं तरी केलं म्हणायचं.

२६ फेब्रुवारी

गॅरेजात भांडण. हेरंब सांगत होता, "दगडूभाऊ, सीट बोल्टवर ठेवा. मागेपुढे सरकवता येईल. पेडलंही तशीच करा. उद्या दुसरं कोणी बसलं तर?"

ह्यांचं एकच. "बोल्टार डुगडुगतली. वेल्ड कर."

मिलमधला माणूस! ह्यांचं अर्धं आयुष्य एकाच गोष्टीत गेलं — माग हलता कामा नये. माग हलला की धागा तुटला, धागा तुटला की जॉबरच्या शिव्या. ह्यांनी फिट केलेल्या मागावर पाण्याचा पेला ठेवला तरी सांडायचा नाही, असं लोक सांगायचे. खोटं नाही, मी ऐकलंय. म्हणून गाडीसुद्धा तशीच. पाणसळ लावून लावून चौकट जोडली, चारही कोपरे एका पातळीत, वर आडवे-तिडवे अँगल. डोंगर कोसळला तरी हलणार नाही अशी.

हेरंबने हात जोडले आणि वेल्ड केलं. सीट पक्की, पेडलं पक्की. मागे इंजिन, म्हणजे सीट आता मागे जायची नाही.

६ मार्च, रविवार

शिवडीला गेलो. हातगाडीवर गाडी बांधून. मीही गेले, बघू तरी म्हटलं कोण ही शेवंता. ती नव्हतीच, ससून डॉकला गेली होती. हरेश्वर एकटा, भला माणूस, मला बसायला पोतं टाकून दिलं.

ओहोटी होती. होड्यांच्या पलीकडे दगडगोटे, कडक झालेला चिखल, खड्डे. आधी हे स्वतः बसायला गेले. आमचे हे म्हणजे ताडमाड. गुडघे कानाला लागले! पाय पेडलावर ठेवला तर गुडघा हँडलात अडकतो. कोळ्यांची पोरं खो खो हसली. मग हेरंब बसला, तो बुटका आणि सुकट, कसाबसा मावला. किक मारली. गाडी पाच-दहा पावलं छान गेली आणि एका दगडावर एक चाक चढलं मात्र — तिरकं मागचं चाक हवेत! नुसतं गरगर फिरतंय. गाडी जागची हलेना. ढकलली, पुढे गेली, परत दुसरं चाक हवेत. चार चाकं आणि जमिनीवर तीनच.

हे म्हणतात काय? "जमीन सपाट नाय."

नाचता येईना अंगण वाकडं! अहो, सपाट जमीन असती तर ही असली गाडी कशाला पाहिजे होती? तोंडावर आलं होतं, पण लोक होते. ह्यांचा चेहरा बघून गप्प बसले. संपाच्या पहिल्या महिन्यानंतर इतका पडलेला चेहरा बघितला नव्हता.

९ मार्च

जेवत नाहीत. बोलत नाहीत. गाडी ताडपत्रीखाली. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता.

११ मार्च

मीच शेवटी तोंड उघडलं. सकाळी डाळ निवडताना स्टूल डुगडुगत होतं. मी म्हटलं, "चार पायांचं स्टूल डुगडुगतं. आमच्या आईची तीन दगडांची चूल कधी डुगडुगली नाही. कुठेही मांडा, शेतात, सड्यावर, तीन दगड आपापली जमीन शोधतात."

"माका शिकवू नको."

"शिकवत नाही. चुलीचं सांगते."

हे उठून बाहेर गेले. मी डबे घेऊन निघाले तर गॅरेजात हेरंब ठिणग्या उडवतोय. पुढचा आस चौकटीपासून कापून काढला होता. आता तो मधोमध एकाच जाड बोल्टवर टांगायचा — पुढची दोन चाकं तराजूसारखी वरखाली होतील, चौकटीला ती एकच जागा वाटेल. म्हणजे तीन दगड! मला कोणी सांगितलं नाही की तुझी अक्कल. हेरंबने मात्र डोळा मारला आणि अंगठा दाखवला. मला तेवढंही पुरलं, किती मूर्ख आहे मी!

२३ मार्च

हे उद्या शिमग्याला गावी निघाले. मी नाही. हिंदमात्याला लग्नसराईची गर्दी, डबे वाढलेत. "तुझे डबे," एवढंच म्हणाले, आणि ते 'तुझे' असं की जणू मी त्यांना विष कालवून घालते.

२९ मार्च

खाली पोरं रंग खेळतायत. घरात मी एकटी. दोन वेळा चहा केला, दोन्ही वेळा मीच प्यायले, कोणाला उत्तर द्यायचं नव्हतं. लाज वाटते लिहायला, पण बरं वाटलं.

९ एप्रिल

हे आले. काळवंडलेत. सासूबाईंना पडवीची पायरी उतरवत नाही, शेजारची पोरं हंडाभर पाणी आणून देतात म्हणाले. मी चांगल्या मनाने म्हटलं, त्यांनाच इथे आणू या. तर, "ती मुंबैत मरतली." विषय बंद.

आल्या आल्या अंघोळही न करता गॅरेजात. मागचं दात्यांचं चक्र काढून मोठं बसवायचंय, चेन बदलायची. का? तर चढ चढायला जोर पाहिजे.

मी विचारलं, "शिवडीच्या किनाऱ्याला कसला चढ?"

"मासळेचा वजन असता," म्हणाले. असेल बाई.

१४ एप्रिल, पाडवा

गुढीला साखरेची गाठी, आणि गाडीला झेंडूची माळ. गाडीला रंगही लावलाय, हिरवा, माझ्या लग्नातल्या शालूसारखा. कुठून आणला कोण जाणे. सीटवर माझी जुनी गोधडी दुमडून शिवायला सांगितली. शिवली. शेवंताबाईंना टोचायला नको!

२४ एप्रिल, रविवार

आज मी गाडी चालवली!!

परत लिहिते, खोटं वाटतंय म्हणून. मी, सुभद्रा, सातवी पास, सायकलला कधी हात लावला नाही, आज मोटारगाडी चालवली.

शिवडीलाच. हेरंब आला नव्हता, त्याच्याकडे गिऱ्हाईक. ह्यांचे पाय मावत नाहीत. हरेश्वर म्हणाला, मी बसतो. तर हे म्हणाले, नको, "तूच बस गो." मी आधी नाहीच म्हटलं. लुगडं सावरून बसले आणि... सगळं जिथल्या तिथे! पाय बरोबर पेडलावर, हात बरोबर हँडलवर, पाठ बरोबर पत्र्याला. माझ्या माहेरच्या घरातसुद्धा एक वस्तू अशी माझ्या मापाची नव्हती. खोलीतलं फळकुटसुद्धा ह्यांच्या उंचीचं, मला रोज डबा काढायला पाटावर चढावं लागतं.

हे बाजूने धावत होते. "सावकाश! हळू सोड! हां! हां गो!" दगडावर चाक चढलं, पुढचा आस वाकडा झाला, चौकट सरळच राहिली. एकही चाक हवेत गेलं नाही. चिखलातून गेले, गोट्यांवरून गेले, मग हे मागे राहिले आणि मी एकटी. मी ओरडले! चक्क ओरडले, समुद्राकडे तोंड करून. वळवून परत आणली तर हे कमरेवर हात ठेवून धापा टाकत हसत होते. कधी हसले होते असे? लग्नानंतर जत्रेत हसले होते.

येताना म्हणाले, "चुलीचा तां बरा सांगितलंस." मला रडू आलं. शेवंताचा आज पहिल्यांदा राग नाही आला, हेवा वाटला.

१ मे, रविवार

आता कळलं.

गाडी द्यायची म्हणून आज परत शिवडी. ह्यांना खरं तर निघायचं नव्हतं, पुढच्या रविवारी बघू म्हणत होते. मीच मागे लागले — कबूल केलंय तर देऊन टाका एकदाची. शेवंता घरी होती. बाहेर आली. मी बघतच राहिले. ही माझ्याएवढी? उभी-आडवी दणदणीत बाई, हातात काकणं, केसात अबोलीचा वळेसर. माझ्यासारख्या दोघी तिच्या लुगड्यात बसतील!

मी म्हटलं, "बसा ना, तुमची गाडी."

ती गाडीकडे बघते, माझ्याकडे बघते, आणि हसत सुटली. "माजी? अगो, माजी एक मांडी जायची नाय यात! मना कशाला गाडी? मी पाटी टाकली डोक्यावर की निघाली. ही तुजी हाय ना? तुजा घोव तर ह्यांना बोलला, बायकोला गावाला धाडायची हाय, तिथं घाटी हाय, पाणी वाहून मरंल बिचारी, तिच्यासाठी करतोय."

हरेश्वरने तिला कोपर मारलं. उशीर झाला होता.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे गाडीच्या चाकाकडे बघत होते.

म्हणजे माप माझंच. गाडी माझीच. आणि जायचं मीच. हे इथे राहणार, संप मिटेपर्यंत, सड्या पोरांबरोबर गाळ्यात, आणि मी सड्यावर जाईबाईंच्या ताब्यात — पण हंडे डोक्यावर न घेता, मोटारीतून! केवढी माझी काळजी! आणि मी अडाणी, ह्यांना चुलीची युक्ती शिकवली, गोधडी शिवली, चालवून दाखवली. माझी बेडी मीच घासूनपुसून दिली.

येताना मी हातगाडीच्या दहा पावलं पुढे चालले.

२ मे

भांडण झालं. सगळ्या चाळीने ऐकलं असेल. ऐकू दे.

मी विचारलं, खोटं का बोललात? "आधी सांगितलं असतं तर तू भांडलं असतंस." मग आता काय आरती करते आहे?

म्हणाले, आवशीक कोण आसा? आई एकटी. म्हणाले, तुका त्रास होव नये म्हणान तीन महिने हाडांची काडां केली. म्हणाले, जगात कोणी बायकोसाठी अशी गाडी केली नसेल. हे खरं आहे. ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, तेही खरं होतं. त्याचाच जास्त राग येतो. मारून-झोडून पाठवलं असतं तर सरळ शिव्या देता आल्या असत्या.

मग खरं बोलले. खाली बघून, हळू. "बायलेच्या जिवार खातंय म्हणतत सगळे. नाक्यार उभो रवाक लाज वाटता."

तर हे आहे! म्हणजे मी गेले की डबे बंद, डबे बंद की लाज बंद. मग खाणार काय? तर वडापाव! पण ताठ मानेने. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

मी म्हटलं, रखमाचा नवरा गुपचूप कामावर जातो, तसं जा म्हणाले का मी कधी? नाही ना? तुमचा संप मी सांभाळला. उपाशी नाही ठेवलं. तुमच्या इभ्रतीला जपलं. आता माझ्या डब्यांना का उठलात?

हे चपला शोधायला लागले.

"मी जावचंय नाय," म्हटलं. "तुमची मिल बंद आहे. माझी चूल चालू आहे. आई तुमची, घर तुमचं, गाडी तुम्ही केलीत. तुम्ही जा."

बायको नवऱ्याला गावी पाठवते असं कोणी ऐकलं नसेल. मीही माझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

५ मे

अबोला. पान वाढते, जेवतात. आज मात्र पानाकडे बघून जेवले.

९ मे

गावाहून माणूस आला. सासूबाई विहिरीच्या वाटेवर पडल्या. हाड मोडलं नाही, पण उठवत नाही.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, खूप वाईट वाटलं. जावं का, असंही वाटलं. सकाळी डाळ-तांदूळ काढले आणि हात थांबला. पण एकदा गेले की परत यायचं तिकीट कोण काढून देणार? चाळीतली एक तरी परत आली का?

ह्यांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित गेले असते. तेही त्यांनी ओळखलं असेल. ओळखून विचारलं नाही, की लाज वाटली म्हणून विचारलं नाही, देव जाणे.

१४ मे, शनिवार

आमच्या गावचा सीताराम देवगडहून आंब्याची लॉरी घेऊन क्रॉफर्ड मार्केटात येतो आणि रिकामा परत जातो. आज लॉरी गल्लीच्या तोंडाशी उभी. हेरंब आणि चार जणांनी गाडी उचलून चढवली. खाली आंब्याचा पेंढा होता, त्यावर बसवली. वर दोर बांधले. रखमा गॅलरीतून बघत होती, आज हसली नाही.

मी भाकऱ्या आणि सुकं बांधून दिलं. सासूबाईंसाठी तेल दिलं चोळायला. हे म्हणाले, "खोलीचा भाडा..." मी म्हटलं, बघेन मी. म्हणाले, "संप मिटलो तर कळव." कळवीन म्हटलं.

मग लॉरीत चढले. पुढे सीतारामशेजारी जागा होती, तरी मागे गाडीजवळ बसले. गाडीत नाही, गाडीजवळ. लॉरी वळेपर्यंत बघितलं मी. हेरंब म्हणाला, "वहिनी, चहा घेता?" मी म्हटलं, डबे राहिलेत.

१७ मे

खाट नाही, हे नाहीत. खोली केवढी मोठी आहे! इतकी मोठी आहे हे माहीतच नव्हतं. नको इतकी मोठी.

३० मे

सीताराम हंगामाचे शेवटचे आंबे घेऊन आला. निरोप — सासूबाई काठी घेऊन चालायला लागल्या. पाणी दगडूदादाच आणतो, खांद्यावर कावड घेऊन, घाटी चढून. गाडी पडवीत आहे. गुडघे अडकतात, बसता येत नाही. गावच्या लोहाराने सांगितलं, पेडलं कापून पुढे घेऊ, हँडल वर उचलू, अर्ध्या दिवसाचं काम. दगडूदादा म्हणाला, नको, तिचं माप आहे ते. रोज फडक्याने पुसून ठेवतो.

"काय सांगू परत, वहिनी?" सीतारामने विचारलं.

मी आंब्याचा वास घेतला. मग म्हटलं, "कापा म्हणावं."